हक्क दिले तरी ‘परवानगी नाही’: वारंवार परतणारा दोष कसा शोधावा

हिशेब, साठा, विक्री किंवा पगार पाहणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये खाती सांभाळणाऱ्याकडे एक तक्रार हमखास परत येते. हक्क दिलेले असतात, अ‍ॅडमिनच्या पडद्यावर ते दिसतही असतात, तरी वापरकर्त्याचे काम अडलेले असते. आणि एकदा मार्गी लावले तरी काही दिवसांनी तोच वापरकर्ता तीच अडचण घेऊन पुन्हा येतो. हा दोष अनेक प्रणालींत दुरुस्त करताना माझे एक मत पक्के झाले आहे: नकार नेमका कोणत्या थरातून येतो हे शोधल्याशिवाय आणखी हक्क देत गेल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि वर अनावश्यक हक्कांचा साठा वाढत जातो.

लक्षणे

‘चालत नाही’ या तक्रारीखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांची कारणेही वेगळी असतात. पुढीलपैकी कोणते लक्षण आहे हे आधी ठरवावे.

– लॉगिनच होत नाही, किंवा खाते वारंवार लॉक होते.
– लॉगिन होते, पण मेनूतील पर्याय किंवा बटण दिसतच नाही.
– बटण दिसते, पण ते दाबल्यावर नकाराचा संदेश येतो.
– यादी उघडते, मात्र ती रिकामी किंवा अपुरी असते आणि कोणताही संदेश येत नाही.
– काल केलेली दुरुस्ती आज नाहीशी झालेली असते.
– जुने खाते काढून त्याच नावाने नवे तयार केल्यावर पूर्वीचे सगळे हक्क गेलेले असतात.

यांतील चौथे लक्षण सर्वांत फसवे आहे, कारण वापरकर्ता ते ‘माझा डेटा गेला’ अशा शब्दांत सांगतो आणि शोध भलत्याच दिशेने सुरू होतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संदेशासोबत येणारा क्रमांकही उपयोगी पडतो. ४०१ याचा अर्थ सर्व्हरला तुमची ओळख पटलेली नाही. ४०३ याचा अर्थ ओळख पटली, पण हक्क नाही. काही प्रणाली नोंद अस्तित्वात आहे हेही उघड होऊ नये म्हणून हक्काअभावी मुद्दाम ४०४ दाखवतात, त्यामुळे ‘सापडले नाही’ असा संदेश आला म्हणजे नोंद खरोखरच नाही असे समजू नये.

वापरकर्त्याकडून चार गोष्टी मागाव्यात: संदेशाचे जसेच्या तसे शब्द किंवा पडद्याचे चित्र, कोणती कृती करताना तो आला, कोणत्या क्रमांकाच्या नोंदीवर आला आणि नेमकी वेळ. वेळेचा आग्रह धरावा, कारण पुढे सर्व्हरच्या लॉगमधील (घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदवहीतील) हजारो ओळींतून आपली ओळ वेगळी काढण्यासाठी बहुतेक वेळा तेवढाच आधार असतो.

काहीही न बदलता करायच्या तपासण्या

सर्वप्रथम वापरकर्ता कोणत्या खात्याने, कोणत्या प्रणालीत आणि कोणत्या कंपनीच्या किंवा शाखेच्या संदर्भात आत आहे ते पाहावे. ब्राउझर जुने खाते लक्षात ठेवतो. चाचणीची प्रणाली आणि प्रत्यक्ष कामाची प्रणाली दिसायला सारख्याच असतात. आणि अनेक कंपन्यांचे काम एकत्र चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या पट्टीत चुकीची कंपनी निवडलेली असली तरी यादी रिकामी दिसते. ब्राउझरच्या खाजगी खिडकीतून पुन्हा लॉगिन करून पाहिल्यास यातील बरेच प्रश्न कोणतीही मांडणी न हलवता उलगडतात.

त्यानंतर पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे. हा सल्ला पुष्कळांना टाळाटाळीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे ठोस कारण आहे. बहुतेक प्रणाली वापरकर्त्याचे गट आणि रोल (कामानुसार बांधलेले हक्कांचे संच) लॉगिनच्या क्षणी एकदा वाचतात आणि ते सेशनमध्ये (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतच्या चालू जोडणीत) किंवा टोकनमध्ये (ठरावीक मुदतीच्या डिजिटल ओळखपत्रात) साठवतात. विंडोजमध्ये गटांची यादी लॉगिनच्या वेळी बनणाऱ्या अ‍ॅक्सेस टोकनमध्ये जाते, त्यामुळे नंतर त्या व्यक्तीला नव्या गटात घातले तरी चालू सेशनला ते कळत नाही. पडदा लॉक करून उघडणे म्हणजे लॉगआउट नव्हे, हे वापरकर्त्याला स्पष्ट सांगावे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड ओळख सेवेचे टोकन साधारण ६० ते ९० मिनिटे चालते. केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीतील तिकीट अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (विंडोजच्या जाळ्यातील खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीच्या) मूळ मांडणीत, म्हणजे कोणी काही न बदलल्यास, १० तासांपर्यंत चालते. म्हणजे हक्क काढून घेतल्यावरही काही काळ ते चालू राहू शकतात. एखाद्याला तातडीने बाहेर काढायचे असेल, तर हक्क काढण्याबरोबर त्याची चालू सेशन्सही बंद करावी लागतात.

अनेक ठिकाणी पसरलेल्या जाळ्यात आणखी एक विलंब येतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत एकाच साइटमधील (एका ठिकाणच्या) डोमेन कंट्रोलरांपर्यंत, म्हणजे ओळख तपासणाऱ्या सर्व्हरांपर्यंत, बदल काही सेकंदांत पोहोचू लागतो, पण दोन साइटमधील देवाणघेवाणीचा मूळ अवधी १८० मिनिटे आहे. आपण बदल एका सर्व्हरवर केला आणि वापरकर्त्याची ओळख दुसऱ्या सर्व्हरने तपासली, तर दोघेही खरे बोलत असतात. या अवधीत घाईने दुसरा बदल केला, तर नेमका कोणत्या बदलाने गुण आला ते कधीच कळत नाही.

तिसरी तपासणी खात्याच्या स्थितीची. खाते लॉक आहे का, त्याची मुदत संपली आहे का, रोलला ‘पासून–पर्यंत’ तारीख आहे का, लायसन्स दिलेले आहे का, हे पाहावे. लायसन्स आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोल बरोबर असूनही लायसन्स त्या भागाचे नसेल, तर पर्याय दिसत नाही. लॉगिनच होत नसेल तर घड्याळही पाहावे. केर्बेरॉसमध्ये वापरकर्त्याचे यंत्र आणि सर्व्हर यांच्या वेळेत मूळ मांडणीनुसार ५ मिनिटांहून अधिक फरक चालत नाही, आणि मोबाइलवरील सहा अंकी संकेत सहसा दर ३० सेकंदांनी बदलतो, त्यामुळे फोनचे घड्याळ मागे-पुढे असेल तर बरोबर संकेतही नाकारला जातो.

खाते पुन्हा पुन्हा लॉक होत असेल, तर ते उघडून देत बसण्यात अर्थ नाही. कुठेतरी जुना पासवर्ड साठवलेला असतो: फोनवरील मेल, नेमलेल्या वेळी चालणारे एखादे काम, किंवा दुसऱ्या यंत्रावर उघडे राहिलेले सेशन. विंडोज डोमेनमध्ये (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या यंत्रांच्या आणि खात्यांच्या जाळ्यात) लॉक होण्याची नोंद ४७४० या क्रमांकाने होते आणि विनंती कोणत्या यंत्रावरून आली त्याचे नावही तिथे मिळते. त्या यंत्रावर जाऊन जुना पासवर्ड काढला की हा प्रकार थांबतो.

माणूस बदला, नोंद बदला

येथवर दोष सापडला नाही, तर मी नेहमी एक साधी चाचणी घेतो, आणि कोणतीही मांडणी उघडण्यापूर्वी ती घ्यावी असा माझा आग्रह आहे. तोच रोल असलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याला तीच कृती त्याच नोंदीवर करायला सांगावी. मग मूळ वापरकर्त्याला तीच कृती दुसऱ्या नोंदीवर करायला सांगावी.

दोघांनाही कोणत्याच नोंदीवर ती कृती जमत नसेल, तर दोष रोलमध्ये किंवा त्यामागच्या मांडणीत आहे. एका व्यक्तीच्या खात्यात हात घालू नये. सहकाऱ्याला जमते आणि मूळ वापरकर्त्याला कुठेच जमत नाही, तर दोष त्या खात्यात आहे. मूळ वापरकर्त्याला दुसऱ्या नोंदीवर जमते पण याच नोंदीवर जमत नाही, तर प्रश्न नोंदीच्या मर्यादेचा आहे: शाखा, मालकी, विभाग किंवा दस्तऐवजाची स्थिती. आणि या एका नोंदीवर कोणालाच जमत नसेल, तर तो बहुधा हक्कांचा प्रश्नच नसतो. हिशेबाचा कालावधी बंद झालेला असतो, बिल अंतिम झालेले असते, किंवा नोंद मंजुरीच्या टप्प्यात अडकलेली असते, आणि सॉफ्टवेअर या सगळ्यांसाठी एकच मोघम संदेश दाखवते. अशा वेळी हक्क वाढवून बंद कालावधीत नोंद करू देणे म्हणजे नियंत्रणच मोडणे होय.

ही चाचणी स्वतःच्या अ‍ॅडमिन खात्याने घेऊ नये. अ‍ॅडमिनला सगळे जमते, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ज्या-त्या रोलचे एक चाचणी खाते तयार ठेवणे ही वेळ वाचवणारी सोय आहे.

दिलेला हक्क आणि लागू पडणारा हक्क

आता मांडणी उघडावी, पण ‘काय दिले आहे’ यापेक्षा ‘सगळे मिळून शेवटी काय उरते’ हे पाहावे. प्रणालीनुसार हे गणित वेगळे असते आणि एका प्रणालीची सवय दुसरीत घेऊन गेल्याने पुष्कळ दिशाभूल होते.

सॅप या उद्योग-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हक्क केवळ वाढत जातात. स्पष्ट नकाराची सोय नाही. त्यामुळे तेथे ‘कोणता रोल अडवतो आहे’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. ‘कोणता हक्क कमी आहे’ हे विचारावे लागते. त्याचे उत्तर नकार मिळाल्याबरोबर वापरकर्त्याने एसयू५३ हा व्यवहार (सॅपमध्ये संकेत टाकून उघडायचा पडदा) चालवला तर मिळते, कारण तो नुकतीच अयशस्वी झालेली तपासणी दाखवतो. मध्ये दुसरे काही उघडल्यास भलतीच तपासणी दिसू शकते. रोल सांभाळण्याच्या पीएफसीजी या पडद्यात रोल बदलला, पण त्याचे प्रोफाइल (प्रत्यक्ष तपासले जाणारे हक्क) तयार केले नाही किंवा वापरकर्त्यांशी तुलना चालवली नाही, तर रोल दिसतो आणि हक्क मात्र पोहोचत नाही. ‘दिले आहे पण चालत नाही’ या तक्रारीचे सॅपमधील हे अगदी नेहमीचे कारण आहे.

याउलट एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये एखाद्या तक्त्यावरील नकार त्याच तक्त्यावरील परवानगीवर मात करतो, मग ती परवानगी कितीही रोलमधून आलेली असो. विंडोजच्या फोल्डरांचा क्रम आणखी बारीक आहे: थेट लावलेला नकार, मग थेट दिलेली परवानगी, मग वारशाने आलेला नकार आणि शेवटी वारशाने आलेली परवानगी. म्हणजे ‘नकार नेहमीच जिंकतो’ हे सर्रास सांगितले जाणारे विधान तिथे पूर्ण खरे नाही. शिवाय जाळ्यावरून उघडलेल्या फोल्डरवर शेअरची परवानगी आणि फाइल प्रणालीची परवानगी या दोन्ही तपासल्या जातात आणि त्यांतील जी अधिक कडक असते ती लागू पडते. फोल्डरच्या प्रगत सुरक्षा मांडणीत विशिष्ट वापरकर्त्याचे प्रत्यक्ष लागू हक्क दाखवणारा भाग असतो. गटात गट, त्यात आणखी गट अशी साखळी मनात सोडवण्यापेक्षा तो वापरावा.

त्याच नावाने पुन्हा तयार केलेल्या खात्याचा उलगडाही याच थरात होतो. प्रणाली नावाने ओळखत नाही. ती आतल्या ओळखक्रमांकाने ओळखते. विंडोजमध्ये नव्या खात्याला नवा ओळखक्रमांक मिळतो आणि जुन्या परवानग्या जुन्या क्रमांकाला चिकटून राहतात. म्हणून नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते लगेच पुसू नये, ते निष्क्रिय करावे. एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उतरवला की असेच होते: डेटाबेसमधला वापरकर्ता तिथेच असतो, पण सर्व्हरच्या लॉगिनशी त्याचा क्रमांक जुळत नाही. तिथे वापरकर्ता पुसून पुन्हा बनवण्याऐवजी तो योग्य लॉगिनशी पुन्हा जोडावा, म्हणजे त्याचे हक्क शाबूत राहतात.

यादी रिकामी का दिसते

नोंदींच्या मर्यादेवर थोडा अधिक वेळ देणे आवश्यक आहे, कारण येथे हक्क देण्यासाठी केलेली कृतीच पुष्कळदा हक्क कमी करते. ईआरपीनेक्स्ट या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरकर्ता-परवानगी नावाची सोय आहे. एखाद्याला एका कंपनीची वापरकर्ता-परवानगी दिली, की त्या कंपनीशी जोडलेल्या नोंदींपुरतेच त्याचे दर्शन मर्यादित होते. पूर्वी दिसणाऱ्या बाकीच्या कंपन्या त्याच क्षणी दिसेनाशा होतात. ‘आणखी एक परवानगी दिली आणि होते तेही गेले’ अशी तक्रार आली, तर पहिल्यांदा हेच पाहावे. कंपनीचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी दिसाव्यात की नाही हे तिथल्या कडक तपासणीच्या वेगळ्या मांडणीवर ठरते, त्यामुळे काही जुन्या नोंदी दिसतात आणि काही दिसत नाहीत असेही होते.

ओडू या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पायऱ्या आहेत. तक्त्यावरचे वाचन, लेखन, निर्मिती आणि पुसणे हे हक्क गटांमधून एकत्र होऊन वाढतात. नोंदींचे नियम मात्र दोन प्रकारचे असतात: गटाला जोडलेले नियम एकमेकांत मिळून दृष्टी रुंदावतात, तर कोणत्याही गटाला न जोडलेले सार्वत्रिक नियम सर्वांवर लागू होतात आणि दृष्टी अरुंद करतात. त्यामुळे सार्वत्रिक नियमाने अडवलेली नोंद वापरकर्त्याला आणखी दहा गटांत घालूनही दिसणार नाही. सेल्सफोर्स या ग्राहक आणि विक्री सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूवरचा (म्हणजे नोंदींच्या एका प्रकारावरचा) हक्क, रकान्यावरचा हक्क आणि नोंदीवरचा हक्क हे तीन वेगळे प्रश्न आहेत. नोंद उघडते पण एक रकाना दिसत नाही, तर दोष दुसऱ्या प्रश्नात शोधावा, पहिल्यात नव्हे.

दुरुस्ती टिकत नाही तेव्हा

दोष परत येतो याचा अर्थ बहुतेक वेळा असा की आपण केलेला बदल कोणीतरी उलटवतो, आणि तो ‘कोणीतरी’ सहसा माणूस नसतो. म्हणून पुन्हा दुरुस्त करण्यापूर्वी ऑडिट लॉग (कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद) उघडून हक्क कोणत्या वेळी आणि कोणत्या खात्याने काढले ते पाहावे. विंडोज डोमेनमध्ये गटातून सदस्य काढल्याची नोंद गटाच्या प्रकारानुसार ४७२९, ४७३३ किंवा ४७५७ या क्रमांकाने सापडते, अर्थात अशा नोंदी ठेवण्याची मांडणी आधीपासून चालू असेल तरच. रोज ठरावीक वेळी बदल होत असेल, तर ते आपोआप चालणारे काम आहे असे धरून शोध घ्यावा.

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे ओळख व्यवस्थेचा सिंक, म्हणजे मूळ नोंदीप्रमाणे खाती आपोआप जुळवून घेणारे काम. मनुष्यबळ विभागाच्या नोंदीवरून किंवा मध्यवर्ती डिरेक्टरीवरून गट भरले जात असतील, तर सॉफ्टवेअरमध्ये हाताने केलेला बदल पुढच्या फेरीत पुसला जातो. सिंक आपले काम बरोबर करत असतो. त्याला मिळणारी माहिती जुनी असते. बदली झालेल्या व्यक्तीचा विभाग मूळ नोंदीत बदलला नसेल, तर तो तिथेच बदलायला हवा. सिंक थांबवून हाताने केलेला बदल टिकवणे हा उपाय नव्हे, कारण मग नोकरी सोडून गेलेल्यांची खातीही आपोआप बंद होणे थांबते.

विंडोजमधील दोन यंत्रणा वर्षानुवर्षे लोकांना चकवत आल्या आहेत. डोमेन अ‍ॅडमिनसारख्या संरक्षित गटांत असलेल्या खात्यांवरील परवानग्या एका ठरलेल्या नमुन्यावरून मूळ मांडणीनुसार दर ६० मिनिटांनी पूर्ववत केल्या जातात, त्यामुळे अशा खात्यावर हाताने दिलेली परवानगी तासाभरात नाहीशी होते. तसेच गट धोरणातून (यंत्रांवर मध्यवर्ती ठिकाणाहून लावल्या जाणाऱ्या नियमांतून) स्थानिक अ‍ॅडमिन गटाची सदस्य यादी बांधून दिलेली असेल, तर यंत्रावर जाऊन घातलेला सदस्य पुढच्या अंमलबजावणीत निघून जातो. धोरण बदललेले नसले तरी सुरक्षा मांडणी दर १६ तासांनी पुन्हा लावली जाते.

अहवाल बनवणाऱ्यांची एक वेगळी तक्रार असते: सॉफ्टवेअरचे प्रत्येक अद्यतन झाले की वाचनाचा हक्क जातो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सर्व तक्त्यांवर दिलेला हक्क त्या क्षणी असलेल्या तक्त्यांनाच लागू होतो. अद्यतनात तक्ता पाडून नव्याने बनवला, तर त्यावर तो हक्क नसतो. भविष्यात बनणाऱ्या तक्त्यांना आपोआप लागू होणारे हक्क आधीच ठरवून ठेवावे लागतात, आणि तेही डेटाबेसच्या त्या खात्यासाठी जे ते तक्ते प्रत्यक्षात तयार करते. हा शेवटचा भाग सुटला की दोष पुढच्या अद्यतनात पुन्हा हजर होतो.

कायमचा उपाय करताना

हक्क व्यक्तीला देऊ नयेत, रोलला द्यावेत, आणि व्यक्तीला रोलमध्ये ठेवावे. डेव्हिड फेरायलो आणि रिचर्ड कुन यांनी रोलवर आधारित प्रवेशाची ही मांडणी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिचा मोठा फायदा दुरुस्तीच्या वेळी दिसतो: बदल एका जागी होतो आणि कोणाला काय मिळाले हे वाचता येते. ‘अमुकसारखेच हक्क द्या’ या विनंतीवर जुन्या खात्याची नक्कल करणे मात्र टाळावे. जुन्या कर्मचाऱ्याच्या खात्यात आधीच्या तीन-चार पदांचे हक्क साठलेले असतात आणि नकलेबरोबर ते सगळे नव्या माणसाकडे जातात.

काम अडले म्हणून ‘तात्पुरता’ पूर्ण अ‍ॅडमिन हक्क देण्याला माझा ठाम विरोध आहे. त्याने लक्षण जाते आणि निदानाचा मार्गही बंद होतो, कारण आता काहीच नाकारले जात नाही. खरीच निकड असेल, तर वेगळ्या खात्यावर, लेखी कारणासह आणि प्रणालीतच नोंदवलेल्या मुदतीसह तो द्यावा. पुरवठादाराची नोंद करणे आणि त्यालाच पैसे मंजूर करणे हे दोन हक्क एका हातात येत असतील, तर तांत्रिकदृष्ट्या सोपा असला तरी तो बदल स्वतःच्या अधिकारात करू नये. त्याचा निर्णय हिशेब आणि लेखापरीक्षण पाहणाऱ्यांनी घ्यायचा असतो.

कुठे थांबावे

पुढील परिस्थितीत तपासणी तिथेच थांबवून जाणकाराला बोलवावे. एकमेव अ‍ॅडमिन खाते लॉक झाले असेल, तर अंदाजाने प्रयत्न करत राहू नये. सॉफ्टवेअरच्या अधिकृत मदत विभागाकडे ते परत मिळवण्याची पद्धत असते. हक्कांचे तक्ते डेटाबेसमध्ये थेट बदलण्याचा मोह झाला, तर तोही थांबण्याचा इशारा समजावा, कारण अशा बदलाची नोंद ऑडिट लॉगमध्ये होत नाही आणि सॉफ्टवेअरने स्मृतीत साठवलेल्या प्रतीशी त्याचा मेळ बसत नाही. नोंदींच्या नियमांत कोणीतरी स्वतः लिहिलेला कोड असेल, किंवा सिंकचे नियमच बदलावे लागणार असतील, तर ते काम त्या रचनेची माहिती असलेल्याचे आहे. तिथली एक चुकीची अट शेकडो खाती एकाच फेरीत बंद करू शकते.

आणि ऑडिट लॉगमध्ये कोणालाही माहीत नसलेल्या खात्याने हक्क वाढवलेले दिसले, निष्क्रिय असायला हवे ते खाते वापरात आढळले, किंवा लॉगचाच काही भाग गायब असेल, तर हा हक्कांचा दोष राहिलेला नाही. यंत्र बंद करू नये, खाते पुसू नये, लॉग साफ करू नये. जेवढे दिसते आहे त्याची प्रत वेगळ्या जागी ठेवून सुरक्षा पाहणाऱ्या तज्ज्ञाला लगेच कळवावे, आणि संशयित खाते केव्हा आणि कसे बंद करायचे हे त्याच्या सांगण्यावरूनच ठरवावे.